बाबांना विचारू दे

वाढवण

चि. सोनू,

तुझे पैसे पोचले. वहिनीने औषधवाल्याची बाकी चुकती केली. परवा फोनवर तू पुन्हा म्हणालास, "बाबा, पुढच्या वर्षी तुम्हाला दुबई दाखवतो." दादा "हो, हो" म्हणाला आणि फोन ठेवून पडवीत आपल्या कामाच्या जागी जाऊन बसला. हातोडी आता त्याला पेलवत नाही. दागिन्यांची एखादी जुनी डाय घेतो, नक्षीतली पाकळी बोटाने चाचपतो, कानस फिरवतो, फुंकर मारून चुरा उडवतो, पुन्हा चाचपतो. मान वर न करता मला म्हणाला, "पुढच्या वर्षी म्हणतो गं तो." एवढंच.

अरे, त्याला ठाऊक आहे. टाटाला नेलं तेव्हा डॉक्टरांना बाजूला घेऊन तू सांगितलंस, बाबांना काही कळू देऊ नका. मायेपोटीच सांगितलंस, मला का कळत नाही? पण किमो थांबवून घरी पाठवतात ते कशासाठी, हे परळला ओपीडीबाहेर बसून चार पेशंटशी बोललेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. मागच्या आठवड्यात आपल्या वाढवणच्या बंदराचा विषय निघाला. 30 ऑगस्ट 2024 ला पालघरला भूमिपूजन झालं, तेव्हापासून तो विषय काही सुटत नाही. दादा म्हणाला, "बंदर झालेलं बघायला मी नसणार, तेवढी तरी सुटका." सगळे हसले. वहिनी उठून आत गेली.

नर्सच्या नोकरीत मी हे घरोघरी पाहिलं. ग्लेसर आणि स्ट्रॉस नावाच्या दोघा अमेरिकनांनी सॅन फ्रान्सिस्कोकडच्या इस्पितळांत हेच टिपून 1965 साली पुस्तक लिहिलं: रुग्णाला ठाऊक, घरच्यांनाही ठाऊक, आणि दोघंही काही ठाऊक नसल्यासारखं वागतात. एकमेकांना जपायलाच वागतात रे, पण त्यात जाणारा माणूस एकटा पडतो. दादाला बोलायचंय. हत्यारं कोणाला द्यायची, चिकूच्या वाडीचं काय, बँकेच्या खात्यावर वहिनीचं नाव घालायचंय. तू "बरे व्हाल" म्हटलंस की त्याचं तोंड बंद होतं.

म्हणून उद्या फोन करून धाडकन सांगून मोकळा होऊ नकोस हं. आधी त्याला विचारू दे. विचारलं तर म्हण, "बाबा, तुम्हाला काय वाटतं?" आणि गप्प राहा. फोनवर शांतता झाली तरी ती भरायला जाऊ नकोस. जेवढं विचारेल तेवढंच सांग, पण खोटं सांगू नकोस. त्याने क्रिकेट काढलं तर तूही क्रिकेटवर बोल. एक दिवस तो मरणाबद्दल बोलेल, दुसऱ्या दिवशी दुबईच्या तिकिटाचा भाव विचारेल, तिसऱ्या दिवशी उगाच वहिनीवर ओरडेल. कुब्लर-रॉस बाईंनी 1969 साली मरणाला सामोरं जाण्याच्या नाकारणं, चीड, सौदा, खिन्नता, स्वीकार अशा पाच पायऱ्या मांडल्या आणि लोक त्या एसटीच्या थांब्यांसारख्या घोकू लागले. त्या ओळीने येत नाहीत, हे पुढे बाईंनीच सांगितलं. तुझ्यासुद्धा येणार नाहीत. चिडलास तर स्वतःला वाईट मुलगा समजू नकोस.

आशा दाखवायची तर पुरी करता येईल अशी दाखव. "दुखू देणार नाही" म्हण. ते बरंचसं आपल्या हातात आहे. मॉर्फिनची सवय लागेल म्हणून वहिनी एकेक गोळी चुकवते, म्हणते खूप दुखलं की देईन. तिला तू सांग, माझं ऐकत नाही. गोळी घड्याळ बघून द्यायची, दुखण्याची वाट बघून नाही. घरी अगदीच झेपेना, तर वांद्र्याला शांती अवेदना सदन आहे, 1986 पासून. देशातलं अशा रुग्णांसाठीचं पहिलं. तिथे नेलं म्हणजे बापाला टाकलं, असं कोणी म्हणालं तर माझ्याकडे पाठव.

लहानपणी टोचायला तुला माझ्याकडे उपकेंद्रात आणायचे. बाकीचे बाप पोराला म्हणायचे, मुंगी चावेल. दादा म्हणायचा, "दुखेल, मी धरतो तुला." तू रडायचास, पण हात ओढून घ्यायचा नाहीस.

रजा दिवाळीची धरू नकोस, आधीची बघ. येताना खजूर आणलास तर आमच्यापुरता आण, दादाला गिळवत नाही. बोंबील सुकवून ठेवलेत, परत जाताना ने.

तुझी आत्या

ता. क. वहिनी रात्री झोपत नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर तिला लिहून दिलाय, फुकट आहे, मराठीत बोलतात. मी सांगितलं तर "मला काय वेड लागलंय का" म्हणते. तू सांगून बघ.