आतड्यातल्या पेशींचा संयम

कोविडनंतर आपल्याकडे प्रतिकारशक्ती ही दुकानात मिळणारी वस्तू झाली. काढे, चूर्णं, गोळ्या, सगळ्यांचा सांगावा एकच: ती वाढवा. अशा काळात घरातल्या कुणाला क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस हा आतड्याच्या दाहाचा आजार होतो, डॉक्टर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लिहून देतात आणि घरचे चक्रावतात. मग त्यांची समजूत घातली जाते, की पेशंटची प्रतिकारशक्ती जरा जास्तच झाली आहे. समजूत सोयीची आहे, पण मला ती दिशाभूल करणारी वाटते. कमी-जास्त हे मापच इथे चालत नाही.

मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू कायमचे राहतात. त्यांच्या आणि आपल्यामध्ये असतो तो श्लेष्माचा थर आणि पेशींचा एकपदरी पडदा. पडद्याच्या अलीकडे प्रतिकारपेशींची प्रचंड वस्ती असते. आत शिरणाऱ्या प्रत्येक जिवाणूवर त्या तुटून पडल्या, तर आतडं चार दिवस टिकणार नाही. म्हणून तिथल्या मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, चुकून आत आलेला जिवाणू गिळतात पण बोभाटा करत नाहीत. रक्तातून येणाऱ्या नव्या पेशींनाही इथे आल्यावर हे वळण लागतं. ते लावणाऱ्या संदेशांपैकी एक मोठा संदेश म्हणजे इंटरल्युकिन-१०. हा संदेश तयार करणारं जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या आतड्याला सूज येते, हे 1993 मध्ये दिसलं. तेच उंदीर पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवले तर ते या सुजेतून वाचतात. पुढे 2009 मध्ये अशी बाळं सापडली, ज्यांच्या पेशींना हा संदेश ऐकूच येत नव्हता. पहिल्या वर्षभरातच त्यांची आतडी जखमांनी भरत. अस्थिमज्जा बदलल्यावर हा आजार आटोक्यात आला. आतडं तेच होतं, पेशी तेवढ्या परक्या. यापेक्षा स्पष्ट साक्ष मला माहीत नाही.

पण सगळा दोष संयम सुटण्याचाच असता, तर उलटी उदाहरणं दिसली नसती. क्रोन्सशी जोडलं गेलेलं पहिलं जनुक, नॉड-२, 2001 मध्ये सापडलं. त्याचं काम जिवाणूंच्या भिंतीचे तुकडे ओळखणं. आजाराशी निगडित बदलांमुळे ही ओळख मंदावते. काही मुलांच्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात पण मारू शकत नाहीत. त्यांच्यातल्या कित्येकांच्या आतड्यात क्रोन्ससारखाच दाह होतो. इथे बळ कमी पडलेलं आहे.

औषधांनीही हाच धडा दिला, तो जरा महागात. सुजलेल्या आतड्यात इंटरल्युकिन-१७ भरपूर सापडतं, तेव्हा ते अडवावं हा विचार अगदी रास्त होता. ते अडवणारं सेक्युकिन्युमॅब पुढे सोरायसिसवर उत्तम चाललं. क्रोन्सच्या चाचणीत मात्र त्याचा उपयोग तर झाला नाहीच, उलट काहींचा आजार बळावला. त्याचे निष्कर्ष 2012 मध्ये आले. हाच संदेश आतड्याचा पडदा शाबूत ठेवायला आणि बुरशीला रोखायलाही मदत करतो. गंमत अशी, की त्याला चेतवणारं इंटरल्युकिन-२३ अडवणारी औषधं आज क्रोन्सवर गुणकारी ठरली आहेत.

आपल्यासाठी याहून जवळचा प्रश्न टीबीचा आहे. टीएनएफ हा दाहाचा प्रमुख संदेश. तो अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब 1998 मध्ये अमेरिकेत क्रोन्ससाठी मंजूर झालं आणि अनेकांचं आयुष्य सावरलं. पण भक्षक पेशी टीबीच्या जंतूंभोवती जी गाठ बांधून त्यांना कोंडतात, ती टीएनएफवरच टिकते. ही औषधं घेणाऱ्यांमध्ये दबलेला टीबी उसळतो, हे 2001 पर्यंत उघड झालं. छुपा टीबी घेऊन जगणाऱ्यांची संख्या आपल्या देशात मोठी, म्हणून पहिल्या इंजेक्शनाआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीच्या तपासण्या इथे टाळताच येत नाहीत.

त्यात आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दुर्बिणीतून सारखेच दिसतात. दोन्ही लहान आतड्याच्या शेवटच्या भागात घर करतात, दोन्हींत पेशींच्या गाठी सापडतात. बायोप्सीनेही उलगडा झाला नाही, तर आपल्याकडे बहुधा आधी टीबीची औषधं सुरू करतात आणि काही महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालतात. व्रण भरले तर टीबी होता. नाही भरले तर क्रोन्स धरून चालतात, आणि तोवर आतडं आणखी अरुंद झालेलं असू शकतं. तरीही मी या उशिराला दोष देणार नाही. टीबी असताना टीएनएफ अडवणं पेशंटच्या जिवावर बेतू शकतं.