आपल्या हातचा ब्रॅकेट

१९३२ च्या फोर्डमध्ये वेगळं इंजिन बसवून घरी हॉट रॉड बांधायची, तर सगळे भाग तयार मिळत नाहीत. प्लेट कापायची, वाकवायची, वेल्ड करायची. स्वतः घडवलेल्या गाडीवर आपला हक्क असतो, हे मला मान्य आहे. पण ब्रेक पेडलच्या ब्रॅकेटचं काय? जोड वरून देखणा दिसतो, आत धातू एकजीव झालेला नसतो. जोखीम चालकाने निवडली. रस्ता ओलांडणाऱ्याला कुणी विचारलं? बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानात रस्ता ओलांडणारं कुणी नसतं, तरी धावण्याआधी गाडी तपासली जाते. मग गल्लीत गाडी काढण्याआधी तो ब्रॅकेट एखाद्या जाणत्याला दाखवण्यात कमीपणा कसला?