बाहेरच्या बाकावर



अमेरिकेत सरकारी शाळांवर नागरिकांचे एक शिक्षण मंडळ असते. धोरण ठरवणे, पैशाला मंजुरी देणे व सुपरिंटेंडंट नेमणे ही मंडळाची कामे. शाळा प्रत्यक्ष चालवायच्या त्या सुपरिंटेंडंटने. कागदावर रेघ सरळ आहे. पण पाठ्यपुस्तक कोणते घ्यावे, हे धोरण की कारभार? खटके तेथेच उडतात.

शिकागो शहरात १९०९ साली एला फ्लॅग यंग या बाई सुपरिंटेंडंट झाल्या. अमेरिकेत एवढ्या मोठ्या शहराच्या शाळा हाती आलेली ही पहिली स्त्री. १८६२ पासून त्या शिक्षिका होत्या. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवली. सेमिनरीत आम्ही ड्युई वाचला, बाईंचे नाव मात्र कोणी काढले नाही! शाळेच्या कारभारात शिक्षकांचेही ऐकले जावे, असा त्यांचा आग्रह असे. मंडळातल्या काही सभासदांशी त्यांचे पटेनासे झाले आणि डिसेंबर १९१३ मध्ये मंडळाने गुप्त मतदान घेऊन त्यांची फेरनिवड नाकारली.

मंडळाला तो अधिकार होताच. पण सामान्य मतदाराचे मत गुप्त ठेवतात ते बलवानापासून त्याचे रक्षण व्हावे म्हणून. येथे तर बलवानच चिठ्ठीआड लपले. जो दुसऱ्याचे काम काढून घेतो, त्याने कारण तोंडावर सांगायला नको का?

शहरातल्या स्त्रिया खवळल्या, निषेधाच्या सभा झाल्या. हे २१ जणांचे मंडळ तेव्हा महापौर नेमत असे. काही सभासदांकडून नेमणुकीच्या वेळीच त्याने राजीनाम्यावर सही घेऊन ठेवली होती. ते राजीनामे त्याने आता मंजूर केले, नवे सभासद आणले आणि यंगबाई परत आल्या. १९१५ पर्यंत त्या कामावर होत्या.

लोकांना आनंद झाला. मी मात्र येथे अडखळतो. साध्य चांगले म्हणून साधन चांगले ठरत नाही, हे नीतिशास्त्राच्या वर्गात आम्ही घोकले आहे. ज्याचा राजीनामा दुसऱ्याच्या खिशात, तो सभासद मोकळ्या मनाने मत कसे देणार? आज त्या खिशाने बाईंना तारले, उद्या तोच खिसा त्यांना बुडवू शकला असता. त्या स्त्रियांनी जाब मागितला ते योग्यच. महापौराने जाब मिळू दिला नाही, माणसेच बदलली.

हे लिहिताना एक जुनी सभा डोळ्यांपुढे येते. मी एका शाळेचा मॅनेजर होतो. मुख्याध्यापिकेविरुद्ध पालकांची तक्रार आली होती. त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून आम्ही कमिटीवाल्यांनी वीस मिनिटांत निकाल लावला. तो ऐकल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "फादर, मला आत का नाही बोलावलंत?"

निर्णय चुकीचा नव्हता, असे मला आजही वाटते. पण बाईंना द्यायला माझ्यापाशी उत्तर नव्हते.