विद्यापीठाचा उंबरठा

परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. जिल्ह्यातील इतर महाविद्यालयांसाठी नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली झाले. तालीम दारापर्यंत आली. पण शिकण्याची भाषा परकी असेल, तर ही दारात आलेली तालीम सर्वांना सारखी मिळते काय?

१९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. उच्च शिक्षण देशी भाषेतून देता येते, हे उस्मानियाने उर्दूतून दाखवून दिले. आपल्याला त्याचा अभिमान आहे, आणि तो रास्तच आहे. पण इथल्या मराठी शेतकऱ्याच्या मुलाला ती उर्दू परकीच होती, हे आपण किती वेळा बोलतो? १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर तिथले उर्दू माध्यम गेले, इंग्रजी आले. आता उर्दू शाळेतून दहावी झालेली मुलगी कॉलेजात मागच्या बाकावर गप्प बसते. तिला विषय कळत नाही असे नाही. तिला शब्द सापडत नाहीत.

कुलगुरू निकाल, इमारती, नॅकची श्रेणी पाहतात. ते पाहायलाच हवे. मात्र वर्गात गप्प कोण बसते, हेही त्यांनी विचारावे. पहिल्या वर्षी आपल्या भाषेत शंका विचारण्याची मुभा द्यावी. आपणही मुलांना पाचवीपासून मराठी नीट शिकवावी. इन्साफ फक्त मागून भागत नाही. आपल्या वाट्याचे कामही करावे लागते.