न दिलेले घेणे

सोनी कंपनीचे ‘प्लेस्टेशन पोर्टेबल’, म्हणजेच पीएसपी, हे हातात धरून खेळायचे यंत्र १२ डिसेंबर २००४ रोजी जपानमध्ये विक्रीस आले आणि पुढील दशकभरात जगात सुमारे ८ कोटींच्या घरात खपले. तरीही त्या मानाने त्यावरील खेळांची विक्री मागेच राहिली. अनेकांनी ते गाणी-चित्रपटांसाठी घेतले, जुन्या डिस्क मित्रमंडळींत फिरत राहिल्या, ही कारणे खरी असली तरी कंपनीने मोठा दोष चोरट्या प्रतींना दिला. मूळ खेळ ‘यूएमडी’ नावाच्या छोट्या डिस्कवर येई. परंतु यंत्राची अंतर्गत प्रणाली बदलून घेतली की मेमरी स्टिकवरील ‘आयएसओ’ फोल्डरमध्ये टाकलेली नक्कल यंत्र मूळ डिस्क समजून चालवी, आणि बाजारात पैसे घेऊन ‘गेम टाकून देणे’ हा धंदाच होऊन बसला.

येथे नीतीचा प्रश्न असा उभा राहतो की, नक्कल केल्यावरही मूळ प्रत मालकाकडेच राहत असेल, तर चोरी झाली कशाची? जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात चोरीची कसोटी मालकाच्या हानीवर नव्हे, तर त्याच्या देण्यावर ठेवलेली आहे. जे दिलेले नाही ते घेणे, म्हणजे अदत्तादान, हीच चोरी होय. गृहस्थाच्या अचौर्य व्रताचे जे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, तेथे सांगितले आहेत, त्यांत दुसऱ्याला चोरीस प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे आणि बनावट मालाचा व्यवहार करणे हे तिन्ही येतात.

या विचाराचे बळ कोकणातील खारेपाटणच्या ताम्रपटांवरून ध्यानात येते. शिलाहार राजा रट्टराज याच्या शक ९३० (इ. स. १००८) च्या ताम्रपटात अव्वेश्वराची पूजा, मंदिराची डागडुजी आणि मत्तमयूर परंपरेतील शैव तपस्व्यांचा निर्वाह यांसाठी, इतर उत्पन्नासह, परदेशातून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक गद्याण, म्हणजे त्या काळचे सोन्याचे नाणे, नेमून दिले आहे. एक गलबत अधिक आल्याने बंदर झिजत नाही, तरीही देणे चुकत नाही, कारण त्यावर कोणाचा तरी चरितार्थ चालतो. खारेपाटणलाच मिळालेल्या, उत्तर कोकणच्या शिलाहार राजा अनंतदेवाच्या शक १०१६ च्या ताम्रपटात भाभण आणि धणाम या दोघा बंधूंच्या गलबतांना ठाणे, सोपारा, चौल इत्यादी बंदरांत जकात माफ केली आहे. म्हणजे माफीसुद्धा ज्याचा हक्क त्यानेच द्यायची असते, तांडेलाने ती परस्पर घ्यायची नसते.

यावर कोणी म्हणेल की, पोथ्यांच्या नकला करणे हे पुण्यकर्मच मानले जात होते, आणि जैन गृहस्थ तर लेखकांना पैसे देऊन ग्रंथ उतरवून घेत व ते दान करीत. ते खरेच आहे. मात्र त्या ग्रंथांचा प्रसार व्हावा हीच त्या परंपरेची इच्छा होती, तर खेळ विकून पोट भरणाऱ्या कारागिराने तशी मुभा दिलेली नसते. प्रत्येक नक्कल म्हणजे बुडालेली विक्री, हा कंपन्यांचा हिशेबही मान्य करता येत नाही, कारण किंमत न परवडणाऱ्या मुलाने तो खेळ एरवी विकत घेतलाच नसता; परंतु हा हिशेब हानीचा आहे, अदत्तादानाचा नव्हे. गरिबीमुळे त्या मुलाचा दोष सौम्य होतो, नाहीसा होत नाही. पैसे घेऊन त्याला नक्कल भरून देणाऱ्या दुकानदाराचा दोष मात्र कोणत्याही सबबीने सौम्य ठरत नाही.