जास्त ग्रीस नको

मला ऐकायला कमी येतं, असं आमच्या घरी एकमतानं ठरलेलं आहे. डॉक्टरांनी कान ठणठणीत असल्याचं सांगितलं, तेव्हा मंडळींनी डॉक्टर बदलायचं सुचवलं.

खरा ऐकणारा माणूस मी पाहिला तो कोल्हापूरच्या उद्यमनगरात. ओळखीच्या एका कारखान्यातले मेस्त्री स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या मशीनच्या बेअरिंगवर टेकवत, मूठ कानाला लावत आणि डोळे मिटून निदान सांगत, "सायेब, बेरिंग रडाय लागलंय." थोड्याच दिवसांत ते खरोखरच राम म्हणे.

परवा मालकांच्या मुलानं पिस्तुलासारखं एक यंत्र आणलं. माणसाचा कान सेकंदाला फार तर २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. माझ्या वयात तेवढीही नाहीत. वंगण आटलेलं बेअरिंग मात्र त्याच्या कितीतरी वर, ४०,००० च्या आसपास, आधीच कुरकुरू लागतं. हे यंत्र ती कुरकुर आपल्या कानाच्या पट्टीत उतरवून देतं. नेहमीपेक्षा आवाज ८ डेसिबल चढला, की बेअरिंग ग्रीस मागतंय असं समजायचं. ग्रीसही ऐकत ऐकतच द्यायचं. आवाज उतरला की हात आवरायचा; जास्त झालं तर बेअरिंग तापतं.

मेस्त्रींनी हेडफोन लावून बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "म्हंजे मी जल्मभर निस्तं मरतानाचंच ऐकत आलो की!"

सगळे हसले. मला हसू येईना. आमची आई रोज अंबाबाईला पायी जायची. एके दिवशी तिनं रिक्षा मागितली. "आईला ऐष सुचायला लागली," असं मीच म्हणालो होतो. 'दुखतंय' हा शब्द पुढं सहा महिन्यांनी आला, तेव्हा उशीर झाला होता.

'मला ऐकू आलं नाही' ही सबब खरी असली, तरी पुरेशी आहे का? यंत्रालासुद्धा बिघाड कळतो तो धडधाकट बेअरिंगचा आवाज आधी नोंदवून ठेवला असेल तरच. म्हणजे काही बिघडलेलं नसतानाच ऐकून ठेवायला हवं. नेमकं तेव्हाच आपण पेपर वाचत असतो.

घरी येऊन हे सगळं बायकोला सांगितलं आणि पेपर बाजूला ठेवला. दिवसभरात पाच वेळा विचारलं, "बरं वाटतंय ना?"

पाचव्या वेळेला ती म्हणाली, "अहो, आता जास्त ग्रीस नको!"

हे मात्र मला पहिल्याच हाकेला ऐकू आलं.