अनिश्चित उद्याची तयारी आणि तवक्कुल

उद्या काय घडेल याचे ज्ञान केवळ अल्लाहला आहे. मग जो उद्या आपल्याला ठाऊकच नाही, त्याच्यासाठी आज योजना आखणे तवक्कुलच्या विरुद्ध ठरते काय? मनुष्य जनुकांमध्ये फेरबदल करू लागल्यापासून हा प्रश्न अधिकच गंभीर झाला आहे.

हजरत यूसुफ (अ.) यांनी सुकाळाच्या सात वर्षांत धान्य कणसांतच राखून ठेवण्यास सांगितले. परंतु येणाऱ्या दुष्काळाचे ज्ञान त्यांना अल्लाहने दिले होते. आपली स्थिती हजरत उमर (रजि.) यांच्यासारखी आहे. सीरियाच्या वाटेवर सर्ग येथे त्यांना प्लेगची वार्ता मिळाली. त्यांनी मुहाजिर, अन्सार व कुरैशमधील ज्येष्ठांचा सल्ला घेतला आणि परत फिरण्याचे ठरविले. हे तकदीरपासून पलायन नव्हे काय, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले. आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. अर्थात, अज्ञानाची जाणीव ठेवून केलेली सावधगिरी ही ईमानाची उणीव नव्हे.

१९७४ साली पॉल बर्ग व त्यांच्या सहकारी शास्त्रज्ञांनी जनुके जोडण्याचे काही प्रयोग स्वेच्छेने थांबविण्याचे आवाहन केले. फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे सुमारे १४० जण विचारविनिमयासाठी जमले. धोका किती आहे, हे कोणीच खात्रीने सांगू शकत नव्हते. त्यांनी संशोधन कायमचे बंद केले नाही आणि मोकाटही सोडले नाही. धोक्याच्या प्रमाणात बंधने घातली व अतिघातक प्रयोग तूर्त टाळले. पुढे अनुभव वाढला, तसे नियम शिथिल झाले. १९७८ मध्ये जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन तयार करून घेता आले आणि १९८२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्यापूर्वी हे औषध डुकरांच्या व गुरांच्या स्वादुपिंडातून काढले जाई. निरुपाय म्हणून ते घेणाऱ्या मुस्लिम रुग्णांसाठी ही केवढी सुटका होती!

याउलट २०१८ मध्ये चीनमधील हे जियानकुई यांनी भ्रूणावस्थेतच जनुके बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर केले. पुढे त्यांना तीन वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली. असा बदल पुढील पिढ्यांत उतरू शकतो. ज्यांचा जन्मही झालेला नाही, त्यांची संमती कोण देणार?

तरीही थांबणे नेहमीच पुण्याचे असते, असे नाही. विलंबाची किंमत अंथरुणावरचा रुग्ण मोजतो, आणि त्या विलंबाचाही जाब द्यावा लागेल. म्हणून प्रत्येक पावलापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हा निर्णय शूरा, म्हणजे सल्लामसलतीने झाला आहे काय? चूक झाल्यास मागे फिरता येईल काय? लाभ धनिकांना आणि धोका दुर्बलांना, अशी वाटणी तर होत नाही ना?

आपली मुले-मुली उद्या प्रयोगशाळांत जातील. त्यांना विज्ञानाबरोबर हीही शिकवण द्यावी की, हे शरीर, ही सृष्टी व येणाऱ्या पिढ्या आपल्याजवळ अमानत आहेत. उंटाला दावणीला बांधावे आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, या प्रेषित (स.) शिकवणीतील दोन्ही अर्धे सारखेच आवश्यक आहेत. अल्लाह आपणा सर्वांना लाभदायक ज्ञान आणि ते पेलण्याचा विवेक देवो. आमीन.